शेजारची रिकामी सीट

पन्नाशीला टेकल्यावर मी गाडी शिकायला घेतली. शिकाऊ लायसन्स काढलं, पुढच्या-मागच्या काचेला लाल एल चिकटवला आणि शेजारी नवऱ्याला बसवलं. तीस वर्षांत ह्यांनी मला केल्या नसतील तेवढ्या सूचना त्या एका आठवड्यात केल्या. क्लच, अगं क्लच. माझं डोकं नुसतं भणभणायचं.

त्या सकाळी जुळे सोलापुरात हे गोळ्या आणायला मेडिकलपाशी उतरले. "गाडीला हात लावू नकोस, आलोच," म्हणाले. गाडी अर्धी रस्त्यातच होती. मागचा टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढेना. शेजारी लायसन्सवाला माणूस नसेल तर गाडी हलवायची नाही, हा नियम मला पाठ होता. परीक्षेत तो प्रश्न बरोबर आला होता. तरी मी चावी फिरवली. चार हात पुढे घेऊ, त्यात काय एवढं, म्हणत मागे न बघताच गाडी काढली. धाडकन आवाज झाला आणि स्कूटीवरची एक बाई रस्त्यावर पडलेली दिसली.

आम्हीच तिला दवाखान्यात नेलं. मोहोळची होती, इथे युनिफॉर्म शिवायला मशीनवर बसायची. उजवं मनगट मोडलं होतं.

ह्यांनी मला बाजूला घेतलं. "गाडी मी चालवत होतो, तू शेजारी होतीस. खरं सांगितलंस तर इन्शुरन्सवाले हात वर करतील आणि तुझ्यावर केस होईल ती वेगळीच." मी मान डोलावली. लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

हवालदार आले. ह्यांनी सांगितलं तसं त्यांनी लिहून घेतलं, मग त्या बाईला विचारलं.

"ह्या बाई चालवत व्हत्या की," ती म्हणाली. "शेजारी कुणीच न्हाय."

"घाबरलीय हो ती," हे म्हणाले. "पडल्यावर असा गोंधळ होतो माणसाचा."

हवालदारांनी तिच्याकडे पाहिलं. "नीट आठवा बाई. डोक्याला लागलंय का?"

तिने चांगल्या हाताने डोकं चाचपलं. "मला तरी तसंच दिसलं," ती हळूच म्हणाली. मग आणखी हळू, "आसंल, चुकलं आसंल माझं."

मला काही कुणी विचारलंच नाही.

"तिचं बरोबर आहे," मी म्हणाले. "गाडी मी चालवत होते. हे दुकानात होते."

ह्यांनी कपाळाला हात लावला. हवालदारांनी आधीचं खोडून नव्याने लिहिलं. मी तिच्या खाटेपाशी गेले. खरं सांगू, ती दोन शब्द बरे बोलेल असं वाटलं होतं मला.

"त्यांनी मला खुळी ठरवली, तवा बी तुमी हितंच व्हता की, ताई," ती म्हणाली.