शनिवारचं तेल

माझ्या थोरल्या साडूंइतका संतापजनक माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात झाला नाही, आणि जिल्हा परभणीतून वेगळा होण्याआधी परभणीतही झाला नव्हता. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. म्हणजे रागाच्या भरातच लिहितो आहे, पण हा राग आता जुना आहे, चांगला मुरला आहे, आणि तो मी कुणाला वाटून टाकणार नाही. माझ्या बायकोला ना आईवडील राहिले होते, ना भाऊ होता. कुरुंद्याला तिच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे अक्कांचं घर, हेच तिचं माहेर. त्या माहेराच्या अंगणात हे गृहस्थ हातात पाना घेऊन कुठल्या ना कुठल्या गाडीखाली आडवे झालेले असायचे. पाहुण्यांना पहिल्यांदा दिसायचे ते त्यांचे पाय. मी तर कित्येक वर्षं त्यांच्या पायांनाच नमस्कार करून आत जात आलो. चेहरा जेवायच्या वेळी दिसायचा, तोही अर्धा काळा.

बायको त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. दाजींची हळदीची शेती होती आणि एक जुनी जीप होती, आणि दोन्हींत त्यांचा जीव नेमका कशात जास्त आहे हे अक्कांनासुद्धा सांगता आलं नसतं. वसमतला चार गॅरेजं होती. त्यांपैकी एकाच्याही दारात ती जीप कधी गेली नाही. गाडीचं ऑइल बदलायला गॅरेजात जाणारा माणूस दाजींच्या लेखी स्वतःच्या लग्नात दुसऱ्याला बोहल्यावर उभा करणाऱ्याइतका नालायक. त्यांचा साधा प्रश्न असायचा. तुम्ही बाकड्यावर बसून चहा पिता, मेकॅनिक गाडीखाली शिरतो, बाहेर येऊन हात पुसतो आणि म्हणतो, बदललं. “पाह्यलं व्हय तुमी?” दाजी विचारायचे. पाहिलेलं नसतंच कुणी. मग ते मान हलवून पुन्हा गाडीखाली जायचे, आणि आपण काहीतरी मोठा गुन्हा करून बसल्यासारखे अंगणात उभे.

गाडीखाली शिरायला खड्डा लागतो. गॅरेजवाले तो सिमेंटचा बांधतात. दाजींनी त्यासाठी हळद शिजवायचं चुलवण वापरलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हे चुलवण म्हणजे जमिनीत खणलेला लांबलचक चर असतो, वर मोठी कढई आणि खाली जाळ. उन्हाळ्यात महिनाभर हळद शिजली की उरलेलं वर्ष तो चर रिकामा. दाजींनी तो दगडांनी बांधून घेतला, दोन्ही काठांवर चाकं बरोबर बसतील इतकाच रुंद ठेवला, आणि जीप त्यावर उभी करून खाली उतरायला दोन पायऱ्याही केल्या. एवढी एकच गोष्ट या माणसाने डोकं वापरून केली असं मी म्हणणार होतो, पण तीही धड नाही. एका वर्षी शेवटची कढई उतरून दोन दिवस झाले, राख गार दिसली, म्हणून यांनी जीप चढवली आणि तेल सोडलं. राखेखाली विस्तव होता. असा काही काळा धूर उठला की अर्धं कुरुंदा घागरी घेऊन धावत आलं. दाजी खोकत वर आले, भुवया जळालेल्या, आणि जमलेल्या लोकांवरच खेकसले की एवढे आलाच आहात तर जीप ढकलायला हात लावा. पुढच्या वर्षीची हळद वसमतच्या मोंढ्यात गेली तेव्हा व्यापाऱ्याने मूठभर हळकुंडं नाकाशी नेली, दाजींकडे एकवार पाहिलं, आणि हळद पाण्यात शिजवली की डिझेलमध्ये, असं विचारलं. दाजींनी त्या व्यापाऱ्याला पुन्हा कधी हळद घातली नाही.

काढलेलं जळकं ऑइल फेकायचं नाही हा दुसरा नियम. बैलगाडीच्या आसाला ते, गोठ्याच्या मेढींना वाळवी लागू नये म्हणून ते, दाराच्या बिजागऱ्यांना ते. माझे दोन झब्बे आणि बायकोची एक चांगली इरकल त्या घराच्या दारांनी खाल्ली. अक्का बिचाऱ्या लिंबू आणि राख घेऊन धावायच्या. दाजी म्हणायचे, कपडा काय, येतो अन् जातो, बिजागरी टिकली पाहिजे.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो, कारण माझ्याकडे गाडी नव्हती. हिंगोली जिल्हा झाला त्याच्या आगेमागे मी एका डॉक्टरांची जुनी, पांढरी मोटार घेतली. हिंगोलीच्या हायस्कुलातल्या माझ्यासारख्या मास्तराने गाडी घेणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. मी तिला मुलीसारखं जपत होतो, आणि म्हणूनच कुरुंद्याला नेताना बॉनेटला कुलूप घालता आलं तर बरं, असं वाटायचं. पहिल्या खेपेला दाजींनी तिचा हॉर्न खोलला. दुसऱ्या खेपेला परतताना हॉर्न वाजवला की वायपर हलू लागले. तिसऱ्यांदा आम्ही गेलो तो शुक्रवार होता, रविवारपर्यंत राहायचं ठरलं होतं. मी गाडीतून उतरतोय तोच दाजींनी बॉनेट उघडून इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली, तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं, आणि तुमचा विश्वास बसणार नाही, जिभेला लावलं. मग थुंकून म्हणाले, “मेल्यालं तेल हाय हे, गुरुजी.” मी म्हणालो, महिन्यापूर्वीच हिंगोलीत बदलून घेतलंय. आता पुढे काय येणार हे मला ठाऊक होतं, आणि तेच आलं. पाह्यलं व्हय तुमी? मी निक्षून सांगितलं की माझ्या गाडीला हात लावायचा नाही. त्यांनी बॉनेट अलगद लावून टाकलं. त्यांचं इतक्या सहज ऐकणं मला कधीच आवडलं नाही.

त्या संध्याकाळी शेतावर चक्कर मारून आल्यावर मी मनाशी ठरवलं की शनिवारी तांबडं फुटायच्या आत निघायचं. या माणसाच्या हाती गाडी लागण्याआधी पसार व्हायचं. बायकोला सांगितलं, शाळेत अचानक काम निघालंय. अक्कांनी सकाळच्या धपाट्यांसाठी पिठं काढून ठेवली होती, दही लावलं होतं. बायको म्हणाली, निदान सांगून तरी जाऊ. मी म्हटलं, सांगितलं की झालंच, ते चहा होईपर्यंत इंजिन उतरवतील. आम्ही चोरासारखे निघालो. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला होता. पण तो दिवा गाडी घेतल्यापासून मनात येईल तेव्हा लागायचा, म्हणून मी लक्ष दिलं नाही. औंढ्याच्या बऱ्याच अलीकडे इंजिन आधी कण्हलं, मग खडखडलं, आणि मग असं जाम झालं की ते पुन्हा कधी फिरलं नाही.

औंढ्याहून मेकॅनिक आणला. त्याने पट्टी ओढली, मला दाखवली. पट्टी कोरडी. यात तेलाचा थेंब नाही सर, असं तो माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत म्हणाला. मी तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसलो. थोड्या वेळाने कुरुंद्याकडून जीप आली आणि तीतून दाजी उतरले, अनवाणी.

झालं होतं ते असं. आम्ही शेतावर गेलो तेवढ्यात यांनी खुंटीवरची किल्ली घेऊन गाडी चुलवणावर नेली आणि इंजिन गरम आहे तोवर जुनं तेल सोडून दिलं. मग गाडी ढकलत परत जागच्या जागी, मला संशयसुद्धा येणार नाही अशी लावली. नवं तेल घरात नव्हतं. दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारी घरात तेल विकत आणू नये हे कुरुंद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. हा नियम फोडणीच्या तेलाला आहे, इंजिनाच्या तेलाला कुणी लावला असेल तर या एकाच माणसाने. आम्ही रविवारपर्यंत राहणार होतो, तेव्हा रविवारी सकाळी वसमतहून आणून भरायचं, आणि भरल्यावर सांगायचं, म्हणजे गुरुजी ओरडणार नाहीत. सगळा हिशेब बराबर होता. फक्त मी पळून जाईन हे त्यात नव्हतं.

“शनवारी तेल आणत न्हाईत, गुरुजी. उद्या आणणारच होतो. सांगून काहून न्हाई गेले तुमी?” दाजी म्हणाले.

मी काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य मात्र लिहितो, कारण ते मला रोज आठवायचं. तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही, असं मी म्हणालो, आणि पुढे जोडलं, हीसुद्धा ठेवणार नाही. बायको गाडीच्या दाराशी उभी होती. दाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

चार वर्षं गेली. बायको पहिल्या वर्षी रडली, दुसऱ्या वर्षी भांडली, तिसऱ्या वर्षापासून तिने कुरुंद्याचं नाव काढणं सोडलं, आणि ते मला जास्त लागलं. पण शब्द माघारी घ्यायला जो मोठेपणा लागतो तो मास्तरांच्या अंगी नसतो. दर उन्हाळ्यात अक्का एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पिशवीभर हळद पाठवायच्या. ती मी मुकाट्याने खात होतो, हळदीशी माझं भांडण नव्हतं. मोटार भंगारात गेली. पुढे मी दुसरी, नवी घेतली, आणि तिचं ऑइल नांदेडला एका मोठ्या, काचेच्या दारांच्या दुकानात बदलून घेऊ लागलो. तिथे पंखा होता, वर्तमानपत्र होतं, आणि गाडी धुऊन पुसून, वर पुढच्या ऑइलची तारीख लिहिलेला कागद चिकटवून देत.

एका रविवारी दुपारी दार वाजलं. दाजी होते. एसटीने आले होते. गुडघे पार गेलेले, जिना चढून धाप लागलेली, आणि हातात ऑइलचा एक डबा. सील तसंच. वरचं चित्र उन्हाने पांढरं झालेलं.

“त्याच रविवारी आणलं होतं, तुमच्या गाडीचं,” ते म्हणाले, आणि डबा उंबऱ्याच्या आत ठेवून स्वतः बाहेरच उभे राहिले.

बायको स्वयंपाकघरातून आली आणि त्यांना हाताला धरून आत घेऊन गेली. मला काही विचारलं नाही. मी डबा उचलून कपाटावर ठेवला. जेवताना दाजींनी खिडकीतून खाली उभ्या गाडीकडे पाहिलं. तेल बदलता का, म्हणाले. मी म्हटलं, गेल्याच आठवड्यात, नांदेडला. ते नुसते भात कालवत राहिले. त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. तो मलाच ऐकू आला.

पुढच्या रविवारी मी बायकोला घेऊन कुरुंद्याला गेलो, डबाही घेतला. गाडी चुलवणावर चढवली आणि आयुष्यात पहिल्यांदा खाली उतरलो. दाजी बाज टाकून काठावर बसले होते आणि पाना कसा धरायचा, कुठे जोर द्यायचा हे सांगत होते. नट सुटला. पंधरवड्यापूर्वी बदललेलं तेल माझ्या डोळ्यांदेखत घमेल्यात पडलं, काजळासारखं काळं, खाली गाळ. मला असा संताप आला म्हणता. त्या काचेच्या दुकानाचा आला, माझा स्वतःचा आला, आणि सगळ्यात जास्त दाजींचा आला, कारण त्यांचं खरं होतं, आणि तरी ते “पाह्यलं व्हय” म्हणाले नाहीत. त्यांनी डब्याचं सील फोडलं, तेल बोटांवर घेतलं, जिभेला लावलं. मग म्हणाले, “चांगलं हाय अजून. भरा. अन् आता जाताना सांगून जा, गुरुजी.”

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. राग आहेच, त्या गाडीचा तर आहेच आहे. माझे गुडघेही गेलेत, त्यामुळे तेल बदलायला दुकानातच जावं लागतं, पण मी पंख्याखाली बसत नाही. गिऱ्हाइकांनी आत येऊ नये अशी पाटी आहे, तिच्या पलीकडे जाऊन मी नट सुटेपर्यंत उभा राहतो. तिथली माणसं मला विक्षिप्त म्हातारा समजतात. शनिवारी जात नाही. आणि कुरुंद्याहून निघताना अक्कांच्या पाया पडून झालं की गाडी तशीच चुलवणापाशी घेतो, काच खाली करतो आणि सांगतो, निघतो, दाजी.