रविवारची शिलाई

कुमुदताई गेल्याचं मला भाजीवाल्यानं सांगितलं. बँकेच्या ट्रेनिंगहून चार दिवसांनी परतले होते. इंदिरा नगरच्या आमच्या गेटशी बॅग ठेवून भेंडी घेत होते, तेव्हा तो म्हणाला, "दीदी, फीजीवाली माताजी नहीं रहीं." मी भेंडी घेतली, पैसे दिले… आणि पिशवी हातात तशीच ठेवून शेजारच्या घरात शिरले.

कुमुदताई साताऱ्याच्या. लखनौला शिकताना त्यांची फीजीहून आलेल्या रामनारायणजींशी ओळख झाली आणि लग्न करून त्या तिकडे गेल्या. रामनारायणजींचे आजोबा फैजाबादकडून उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून गेलेले. ताईंनी तिथे वीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. १९८७ साली निवडून आलेलं सरकार लष्करानं महिनाभरात हटवलं, त्याच वर्षी पुन्हा सत्ता हातात घेऊन राज्यघटनाच रद्द केली. पुढच्या वर्षी हे दोघे लखनौला, माझ्या शेजारी राहायला आले. दर रविवारी ताई गच्चीवर ढीगभर कपडे वाळत घालायच्या. "अहो, रविवारी तरी स्वस्थ बसा," मी एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "मुद्दाम धुते, मंगल. तिकडे हा गुन्हा होता. रविवारी काम बंद, दुकान बंद, खेळ बंद, बससुद्धा बंद. लष्कराचा हुकूम." मी म्हटलं, "आमच्या बँकेला असा हुकूम आला तर मी पेढे वाटीन." एरवी माझ्या बोलण्याला पटकन हसणाऱ्या ताई त्या दिवशी हसल्या नाहीत.

त्याचं कारण पुढे कळलं. फीजीच्या त्या वर्षांचा राजकीय इतिहास त्या मराठीत लिहीत होत्या आणि माझं अक्षर बरं म्हणून मी पक्की प्रत काढून द्यायचे. सहा प्रकरणं सरळ होती : निवडणूक, लष्कर, नवी घटना, तिच्यात भारतीयांच्या कमी केलेल्या जागा. सातव्यात सीता नावाची एक शिवणकाम करणारी बाई रविवारी घरात मशीन चालवत होती. आवाज कुठून येतो, असं पोलिसांनी विचारलं आणि शेजारणीनं बोट दाखवलं. सीतेला दिवसभर ठाण्यात बसवलं, मशीन उचलून नेलं.

"ही शेजारीण कोण?" मी विचारलं.

"मी."

मी चहा ओतत राहिले. "घाबरला होतात?"

"नाही गं, तेच तर! त्यानं विचारलं, मी सांगितलं. जन्मभर वर्गात तेच केलं ना… प्रश्न आला की उत्तर."

सीतेचं खरं नाव शिवकुमारी. ती आता ऑकलंडला राहायची आणि दर दिवाळीला ताईंना कार्ड पाठवायची. बोट कुणी दाखवलं, हे तिला ठाऊक नव्हतं. "तिनं हो म्हटल्याशिवाय हे छापायचं नाही," ताई म्हणाल्या. मी म्हटलं, "मग पाठवा. ठेवून काय होणार आहे?" गणपतीच्या दिवसांत त्यांनी ते प्रकरण हिंदीत उतरवलं, शेजारीण म्हणजे आपण हे वर लिहिलं आणि टपालात टाकलं. दिवाळी झाली. त्या वर्षी कार्डही आलं नाही. शेवटच्या भेटीत, अंथरुणावरून त्यांनी विचारलं, "डाकिया आला?"

"आला. विजेचं बिल देऊन गेला."

"पाठवून चुकले का गं?"

"पाठवलंत ते बरोबर. पुढचं तिच्या हातात." याहून मऊ काही मला सुचलं नाही.

ताई गेल्यावर तीन आठवड्यांनी उत्तर आलं. रामनारायणजींनी वाचून माझ्या हातात दिलं. तीनच ओळी, त्यांच्या तिकडच्या हिंदीत : "हमार नाम सीता नहीं है। किताब में सही नाम छापो। आपन भी।" माफ केलं की नाही, याबद्दल एक अक्षर नाही. रामनारायणजींनी कागद उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

त्या दुपारी मी ताईंच्या टेबलाशी बसले. पक्क्या प्रतीत 'सीता' नऊ ठिकाणी होती, 'शेजारीण' चार. रामनारायणजी मागे उभे होते. "कुमुद का नाम भी… लिखना ही है?"

"लिखना ही है," मी म्हटलं, आणि आडनावासकट लिहिलं.