लोर्नाच्या पातेल्यात काय होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि देवाला सांगावं, तर आमची तितकी ओळख नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला भेटणार नाही.

मी मूळची सांगलीची. सौदीत, अल-खोबरच्या एका खाजगी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. हॉस्पिटलच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी राहायचो : मी, दापोलीची शाहीन — आयसीयूतली नर्स, मला ताई म्हणणारी — आणि फिलिपिन्सची लोर्ना, तीही नर्स. स्वयंपाकघर एकच. शुक्रवारी लोर्ना रांधायची आणि तिघी मिळून जेवायचो.

तिच्या त्या कालवणाचं नाव सिनिगांग. नावाला बिचकू नका. तांदळाचं धुवण, चिंचेचा कोळ, मुळा, वांगी, भेंडी, चवळीच्या शेंगा आणि दाटपणाला अळकुड्या — आपल्या अळूच्या फदफद्याची लांबची मावसबहीण. तिच्या गावी त्यात डुकराचं मांस घालतात. इथे लोर्ना बीफ घालायची, हलाल, आणि पाकीट आधी शाहीनला दाखवून मगच फोडायची. चार वर्षं, दर शुक्रवारी. शाहीन हसायची, "लोर्ना, तू कस्टमवाली आहेस का?"

मलाही हसू यायचं, पण वेगळं. कुठलाही सोपस्कार दिसला की मला हसू येतं. हॉस्पिटलच्या वार्षिक केकपुढची भाषणं असोत, मंडळातली शाल-श्रीफळं असोत, नाहीतर हे पाकीट. यालाच मी धैर्य समजत होते. बसल्या जागी हसायला कसलं धैर्य लागतं?

एका सुट्टीत चुलतभावाच्या गाडीतून पूल ओलांडून बहारीनला गेले. सौदीत डुकराच्या मांसाला बंदी; तिथे ते दुकानात वेगळ्या खोलीत मिळतं. गोठवलेलं एक पाकीट घेतलं आणि बॅगेत सॅनिटरी पॅडच्या खाली दडवलं. येताना कस्टमच्या माणसाने चेन उघडली, पॅड पाहिले, कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "यल्ला, यल्ला" — चला, निघा. भावाला काहीच माहीत नव्हतं. मी मात्र लढाई जिंकून आल्यासारखी घरी आले.

लोर्नाचा चेहरा पांढराफटक पडला. "नो मॅम, प्लीज. माझा इकामा जाईल, इथे राहायचा परवाना. दोन मुलं शिकताहेत माझी. फेकून द्या ते."

मी फेकलं नाही. उलट म्हणाले, "आईचं कालवण आईसारखं करायला घाबरतेस? मग तुझं स्वतःचं असं उरलंय काय?" दोन दिवस असंच बोलत राहिले. चहा करताना, कपडे वाळत घालताना. मला ते मांस खायची एवढी हौस होती का? नव्हती. तिची भीती पाहायला मला आवडत होतं. एवढंच.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिने रांधलं. शाहीन संध्याकाळपर्यंत ड्युटीवर होती. खिडक्या बंद, पातेलं नवं, नंतर टाकून द्यायच्या बोलीचं. पहिला घोट घेऊन लोर्ना रडली. मी दोनदा वाढून घेतलं. चव छान होती, हेही सांगायलाच हवं.

मग लोर्ना आंघोळीला गेली, आणि शाहीन लवकर आली. भुकेली होती. "वा, आज आंबट वास छान सुटलाय!" म्हणत तिने वाडगा घेतला आणि पातेल्यात डाव घातला.

मी टेबलाशीच होते. एक शब्द पुरे होता — "थांब." पण थांब म्हटलं की का, ते सांगावं लागणार. मी मोबाईलमध्ये पाहू लागले. भीतीने? हो. पण पूर्ण खरं सांगायचं तर — ती खाते का, हेही मला बघायचं होतं.

चमचा तोंडाशी गेला तेवढ्यात ओल्या केसांनी लोर्ना धावत आली आणि तिने शाहीनच्या हातातला वाडगाच उडवला. "डोन्ट! इट्स पोर्क!"

शाहीन माझ्याकडे वळली. मराठीत म्हणाली, "ताई, तुला ठाऊक होतं?"

मीही मराठीतच म्हणाले, अगदी मऊ आवाजात, "नाही गं. मला बीफच म्हणाली. मीही खाल्लं ना."

लोर्ना आमच्या मध्ये उभी होती. तिला मराठी येत नाही. माझा आवाज ऐकून तिने माझ्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. तिला वाटलं, मी तिची बाजू घेतेय.

इथे थांबता आलं असतं. मी थांबले नाही. शाहीनला तक्रार करायची होती आणि माझं इंग्रजी चांगलं. अर्ज मी लिहून दिला. ऑफिसात पहिला प्रश्न काय आला असता? या आठवड्यात बहारीनला कोण गेलं होतं? म्हणून मी एक शब्द घातला — 'वारंवार'. गोष्ट जुनी असली की हा शुक्रवार कोण तपासतो? शाहीनने वाचलं. "वारंवार? म्हणजे आधीपण?"

"मग काय, आजच पहिल्यांदा असेल?"

आठ दिवसांत लोर्नाला फायनल एक्झिट मिळाली, म्हणजे नोकरी संपली आणि कायमची मायदेशी रवानगी. मांस कुणी आणलं असं विचारल्यावर तिने स्वतःचं नाव सांगितलं. जाताना दारात तिने मला मिठी मारली. "थँक यू मॅम. त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी बोललात." मी तिची पाठ थोपटली.

शाहीन अजून माझ्याबरोबरच राहते. तिची भांडी आता तिच्या खोलीत कुलपात असतात. कुणाच्या घरी ती पाणीसुद्धा पीत नाही. मधूनच, कपड्यांच्या घड्या घालताना, विचारते, "ताई, चार वर्षांत किती वेळा खाल्लं असेल गं मी?"

एकदाही नाही, असं उत्तर आहे.

गेल्या आठवड्यात तिने पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "मोजत बसू नकोस."