आईने पुसलेला कोपरा

आईने माझं महिनाभराचं काम एका मिनिटात पुसून टाकलं होतं. पदराने.

आज तिला जाऊन वर्ष झालं. एकदा सांगूनच टाकते.

तेव्हा घरोघरी डब्बा टीव्ही होता आणि मी गोंदियाच्या कॉलेजात एलसीडी स्क्रीनवर रिसर्च करत होते.
दोन काचा, मध्ये लिक्विड क्रिस्टल, असा एक सेल. काचेवर आधी मखमल फिरवायची, ती एकाच दिशेने. उलटा हात एकदाही नाही. मग आतले रेणू शिस्तीत एका दिशेला निजतात.

प्रॉब्लेम असा, की माझे निजलेले उठतच नव्हते! करंट दिला तरी स्क्रीन सुरू व्हायला कितीतरी मिनिटं.

सर म्हणाले, "ये आखरी सेल है. नहीं चला तो टॉपिक बदल दो."

नेमकी त्याच दिवशी आई नवेगाव बांधहून एसटीने थेट लॅबमध्ये आली. डब्यात भात अन् तळ्यातले मासे.

मी हात धुऊन येईपर्यंत टेबलावरच्या, मखमल फिरवून तयार ठेवलेल्या काचेचा एक कोपरा तिने गोल गोल पुसून चकाचक केला होता.
आमच्याकडे कुठलीही वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना आधी पदराने पुसतात.

"आई, काय करून ठेवलंस हे!" मी ओरडले. सगळ्यांसमोर.

"धूळ वाटली वं मले. कायले रडून राहिली?"

डबा ठेवून ती पुढच्या एसटीने परत गेली.

मी रागारागात तीच काच वापरली. सेल जुळवला, करंट दिला, मायक्रोस्कोपला डोळा लावला.

आईने पुसलेल्या कोपऱ्यातूनच रंग बदलायला लागला.

मग पसरत गेला. सकाळी बांधावरचं धुकं एका कडेने उचलत जातं ना, तसा.
काही सेकंदांत अख्खी स्क्रीन जागी. मी नुसती बघत बसले.

रेणू जिथे विस्कटले होते, तिथून सुरुवात झाली होती. पुढे प्रत्येक सेलचा एक कोपरा मी मुद्दाम तसाच विस्कटून ठेवला. थीसिस त्यावरच झाला.

आभारात आईचं नाव आहे. पदराचं नाही. लाज वाटली.
तिलाही कधी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू.

त्यानंतर माझ्या घरी आली, की साध्या पेल्यालाही विचारायची, "हात लावू का वं?"



आज सकाळी तिच्या फोटोची काच पुसली. पदराने, गोल गोल.

आई, तू काहीच बिघडवलं नव्हतंस गं. तुझ्याच हाताने सुरू झालं होतं.

जयभीम, माय.