साडूंची चार चाकं

गाडीवर जीव टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण गाडी बाजूला ठेवून नुसत्या तिच्या चाकांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या एका कारखान्यात त्यांनी उभी नोकरी स्टोअर सांभाळण्यात घालवली. तिथून पोत्याला बांधायची सुतळीसुद्धा सहीशिवाय बाहेर गेली नाही, असं ते सांगतात, आणि त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही ते खोटं वाटत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. इंजिन कसं आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. गाडीला चकचकीत अलॉयची चाकं होती, तेवढ्यावर सौदा झाला. आठवड्यातून दोनदा ते पाटावर बसून, जुना टूथब्रश घेऊन चाकांच्या खाचा घासत. वरची गाडी धुळीनं भगवी झाली तरी त्यांना चालत असे.

आणि नेमकी त्यांचीच चाकं गेली. एके दिवशी सकाळी फोन आला, "पाहुणे, जल्दी या. गाडी हाय, पण गाडी न्हाई." मी पलीकडच्याच गल्लीत राहतो. चप्पल घालून धावलो. पाहतो तर रस्त्याच्या अंगाची दोन चाकं गायब आणि गाडी दगडांवर टेकवलेली. साडू तिच्याशेजारी उकिडवे बसले होते. मला वाटलं, रडत असतील. जवळ गेलो, तर ते खाली ठेवलेले नट मोजत होते. "आठच्या आठ हायेत," ते म्हणाले, "अन् एका रांगेत ठेवलेत, बघा. माणूस कामाचा होता." पोलीस आले. त्यांनी विचारलं, "कुणावर संशय?" साडू गंभीरपणे म्हणाले, "लिहून घ्या. चोरानं कुठंतरी स्टोअर सांभाळलेलं हाय." आमच्या गल्लीत या वर्णनात बसणारा माणूस एकच होता, आणि तोच फिर्याद देत होता.

नवी चाकं आली आणि साडूंचा खरा अवतार तेव्हापासून सुरू झाला. प्रत्येक चाकाला त्यांनी एकेक कुलपाचा नट बसवला. या नटाच्या डोक्यावर वेगळीच नक्षी असते आणि तो त्याच्या स्वतःच्या किल्लीशिवाय फिरत नाही. चाकांच्या आतल्या बाजूला गाडीचा नंबर कोरला. टायरवर पिवळ्या रंगानं एक, दोन, तीन, चार असे आकडे टाकले. गाडी लावताना स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवायचं, म्हणजे पुढची चाकं तिरकी राहतात आणि चोराच्या हाताला जागा मिळत नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की माझी स्कूटरही मी हँडल वाकडं करून लावू लागलो. हसनाबादला एका लग्नात त्यांनी गाडी भिंत आणि ट्रॅक्टर यांच्या मधोमध अशी घुसवली की दोन्हीकडचे दरवाजे उघडेनात. मग आम्ही सगळे, भरजरी शालूतल्या थोरल्या मेव्हणीसकट, डिकीतून बाहेर आलो. वऱ्हाडी मंडळी अक्षता हातात घेऊन आमच्याकडेच बघत राहिली. पंगतीत भात वाढला की साडू उठून जात, परत येत आणि बसता बसता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "चार हायेत." शेजारच्या ताटावरचा माणूस नुकत्याच वाढलेल्या जिलब्यांकडे बघून म्हणायचा, "न्हाई काका, मला दोनच आल्यात."

या सगळ्या बंदोबस्ताला आम्ही हसत होतो, ते आष्टीच्या त्या दुपारपर्यंत. परतूरच्या पलीकडे असलेल्या या आष्टीला साडूंची थोरली बहीण राहते. आई लवकर गेल्यामुळं त्यांना हिनंच वाढवलं. तिला ते अक्का म्हणतात. साडू आणि मी तिच्याकडे जेवायला गेलो होतो. जेवण झालं आणि अक्का भिंतीला टेकून बसली. तिला दरदरून घाम सुटला, छातीत दाटून आलं. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं, गोळी दिली आणि म्हणाले, "इथं थांबू नका. सरळ जालन्याला न्या." आम्ही अक्काला मागच्या सीटवर आडवं केलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. साडू गाडी चालवत होते. परतूरच्या अलीकडे धाडकन आवाज झाला आणि मागचं चाक बसलं.

साडू झटक्यात उतरले. जॅक लावला, तीन नट काढले. चौथा कुलपाचा. त्यांनी खिसे चाचपले, पुढचा कप्पा उपसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "किल्ली घरी हाय. गाडीत ठेवली तर चोराला घावंल म्हणून..." त्यांनी बायकोला फोन लावला. "साखरेचा डबा... न्हाई, त्याच्यात न्हाई... मंग देवाच्या पेटीत बघ..." किल्ली सापडली असती तरी ती साठ किलोमीटर दूर होती, हे त्यांच्याही ध्यानात आलं आणि त्यांनी फोन बंद केला. अॅम्ब्युलन्सला फोन केला, ती निघायला वेळ होता. दोन गाड्यांना हात केला, त्या थांबल्या नाहीत. अक्का डोळे मिटून होती. अर्धा तास असा गेला. एवढा लांब अर्धा तास मी आयुष्यात काढलेला नाही.

मग मेंढ्यांनी भरलेला एक टेम्पो थांबला. लाल फेट्याचा माणूस खाली उतरला. "काय झालं, काका?"

"चाकाची किल्ली घरी राह्यली."

"चाकाला किल्ली?" त्यानं वाकून पाहिलं. मग आत अक्काकडे पाहिलं आणि बोलणं थांबवून टेम्पोतली हत्यारांची पेटी आणली. नटापेक्षा जरा लहान तोंडाचा, नळीसारखा पाना त्यानं काढला. "हातोडीनं ठोकून बसवतो अन् पिळतो. निघंल. पण चाकाचं काय खरं न्हाई, चरे पडतील."

साडू म्हणाले, "ठोक. चाक फुटलं तरी चालंल, पण ठोक."

पहिला घाव हुकून त्या चकचकीत चाकावर बसला. साडू बघतही नव्हते. ते खिडकीतून हात घालून अक्काचा हात धरून उभे होते. चार-पाच घावांत पाना बसला, लांब दांडा लावून त्या माणसानं अंगाचा भार दिला आणि नट कुरकुरत सुटला. पाच मिनिटांत स्टेपनी चढली.

अक्का वाचली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रात्र पडायच्या आत तसं सांगितलं, तेव्हा साडू बाहेरच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "पाहुणे, तो अर्धा तास मी खाल्ला." दोन दिवसांनी अक्का उठून बसल्यावर त्यांनी स्वतःच तिला सगळं सांगून टाकलं. अक्का हसली. "हा लहानपणी देवळात चपला बगलेत धरून पाया पडायचा. देवानं कधी मनावर घेतलं न्हाई, मी काय घेऊ?"

साडू बदलले, असं मात्र कुणी समजू नये. त्यांनी नवे कुलपाचे नट बसवले. फक्त किल्ल्या आता एकीच्या चार केल्या: एक गाडीत, एक त्यांच्या खिशात, एक माझ्याकडे आणि एक अक्काच्या उशाशी. "चोराला आता आष्टीतसुद्धा सोय झाली," मी म्हणालो. "असू द्या," ते म्हणाले, "ज्याला लागंल त्याला मिळंल."

गेल्या वर्षापासून त्यांना नीट दिसत नाही, म्हणून गाडी मी चालवतो. महिन्यातून एकदा आम्ही आष्टीला जातो. अक्काला घरात बसून कंटाळा येतो, म्हणून तिला गाडीत घालून बाजारापर्यंत नेतो. मी एका कडेला, लिंबाच्या सावलीत गाडी उभी करतो. दोघं भावंडं मागच्या सीटवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडून खातात आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांत ओळखीचं कुणी दिसतंय का बघतात. आता ओळखीचं कुणी फारसं दिसत नाही. अक्का भावाला आईच्या गोष्टी सांगते. आई गेली तेव्हा साडू इतके लहान होते की त्यांना तिचा चेहराही आठवत नाही. म्हणून तेच तेच पुन्हा विचारतात, "तिचा आवाज कसा होता गं?" अक्का थोडा वेळ आठवते आणि मग आईसारखी हाक मारून दाखवते. मी तेवढ्यापुरता खाली उतरतो आणि चहाच्या गाड्याकडे जातो.