आईच्या हाताची ओटी

आमच्या रोह्याच्या घराकडे गल्लीच्या टोकावरून पाहिलं, तर छप्पर मध्येच एक पायरी चढल्यासारखं दिसतं. पुढचा भाग खाली, मागचा हातभर वर. नवा पाहुणा हमखास विचारतो, "मागचं नंतर वाढवलंत का?" नाही हो! दोन्ही भाग एकाच उन्हाळ्यात उभे राहिले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. मी तेव्हा परकरी पोर होते, आणि घर बांधणं म्हणजे रोजचा फुकटचा तमाशा असं माझं मत होतं.

भांडण घराच्या आधी सुरू झालं. आई पेणची. तिच्या माहेरी घरापुढच्या ओटीला कोरीव खांब होते, आणि आयुष्यात तिनं बाबांकडे हा एकच हट्ट धरला: आपल्या घराला तशी ओटी हवी, आणि ती पेणच्याच सुतारानं करायला हवी. बाबांनी तोवर रोह्याच्या सुताराला शब्द देऊन टाकलेला. शब्द मोडवेना आणि आईपुढे तोंड उघडवेना, तेव्हा त्यांनी घराचीच वाटणी केली. ओटी पेणकराची, माजघर नि स्वयंपाकघर रोहेकराचं. जागा अरुंद आणि लांब, त्यामुळे एकानं रस्त्याकडून सुरुवात केली, दुसऱ्यानं परसाकडून. मध्ये गवंड्यानं भिंत उचलली, ती दोघांच्याही पथ्यावर पडली, कारण दोघे एकमेकांचं तोंड बघत नसत. "पेणवाल्यांनी गणपती करावेत, घर बांधणं त्यांचं काम नाय," असं परसाकडून ऐकू येई. "तू घर बांधतोयस की भाताचं कोठार?" असं ओटीवरून.

असं करता करता आढं चढवायचा दिवस उजाडला. आढं म्हणजे छपराच्या माथ्यावरचं लाकूड. ते बसलं की घर झालं म्हणायचं. त्या दिवशी नारळ फोडायचा, सुताराच्या खांद्यावर नवं उपरणं घालायचं, आळीला जेवण द्यायचं. आमच्याकडे सुतार दोन, म्हणून उपरणी दोन आणि नारळही दोन. मागचं आढं चढलं, पुढचं चढलं. मधल्या भिंतीवर दोन्ही टोकं भेटायची होती, ती काही भेटली नाहीत. पुढचं टोक मागच्यापेक्षा हातभर खाली राहिलं.

सगळी आळी माना वर करून उभी. वर दोघे सुतार, प्रथमच समोरासमोर.

"माप कुणाचं घेतलंस रे?" रोहेकर ओरडला.

तेव्हा आमच्याकडे घर घरधन्याच्या हातानं मोजत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. तेवढी बांबूची काठी सुतार पहिल्याच दिवशी कापून घेई आणि सगळं घर त्या काठीवर उभं करी.

"ताईंचं," पेणकर म्हणाला. "मला बोलावलं त्यांनी. मग हात दुसऱ्या कुणाचा घेऊ?"

"अरे, घरधनी मालक हाय ना! मी मालकांचा घेतलाय."

खाली एकच हशा पिकला. बाबांचा हात आईच्या हाताहून दोन-तीन बोटं लांब. खांबाच्या उंचीला ती बोटं साठत साठत हातभर झाली होती. फक्त मोठे काका हसले नाहीत. ते बाबांचे थोरले भाऊ, आणि आमच्यात त्यांचा शब्द शेवटचा.

"घर मालकाच्याच मापाचं हवं," ते म्हणाले. "पुढचं उतरवा. खांब नवे घाला."

आई पानं मांडत होती, ती थांबली. त्या खांबांवर तिनं पेणकराकडून वेल कोरून घेतली होती, माहेरच्या ओटीला होती तशी, दर हाताला एक फूल. थोरल्या दिरासमोर बोलायची पद्धत नव्हती, म्हणून तिनं नुसता एका खांबावर हात टेकला. 

बाबा एरवी काकांपुढे मान वर न करणारे. ते सरळ आईपाशी गेले आणि साऱ्या आळीदेखत म्हणाले, "हात दे गो." तिच्या कोपराला कोपर लावून त्यांनी आपला हात तिच्या हाताशेजारी उभा धरला. बायका पदरात तोंड लपवून खुसुखुसू हसायला लागल्या. आई लाजून लालबुंद.

"दादा," बाबा म्हणाले, "ह्या घरात हात दोन हायत. एक लांब, एक आखूड. मोडायचं काय नाय."

"आणि वरनं पाणी गळंल ते?"

"त्यालाच तर सुतार दोन आणलेत."

काकांनी एकदा छपराकडे पाहिलं, एकदा मांडलेल्या पानांकडे. मग म्हणाले, "जेवायला वाढा."

दोघा सुतारांना आता बोलणं भागच होतं. मागचं छप्पर थोडं पुढे काढून त्यांनी पुढच्यावर आणलं, आणि मधल्या हातभर उंचीत पेणकरानं लाकडी जाळी बसवली. आळीतली सगळी माजघरं दिवसाढवळ्या काळोखी, आमच्या माजघरात मात्र दुपारी खुशाल तांदूळ निवडत बसावं असा उजेड. पुढे शेजाऱ्यांनी रोहेकराला गाठलं, "आमालाबी तसलं चुकलेलं छप्पर करून दे." तो आनंदानं तयार झाला. जाळीसाठी त्यानं कुणाला बोलावलं असेल? पेणकरालाच.

आई-बाबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आता घरात मी राहते. गेल्या वर्षी कौलं बदलायला जवळच्या वरसे गावाहून एक कंत्राटदार आला. पोरगा हुशार, बोलायला गोड. भिंतीवर लाल ठिपका पाडणारं यंत्र फिरवून म्हणाला, "मावशी, पुढचे खांब कमी पडलेत. मूळचीच चूक हाय. जॅक लावून उचलतो, लेव्हल करून देतो."

मी ओटीवर खाली बसले. गुडघे कुरकुरले, त्यांना कुरकुरू दिलं. खांबाच्या पायथ्याशी कोपर टेकवून हात सरळ वर धरला. मधल्या बोटाच्या टोकाशी बरोबर पहिलं फूल आलं. तिथे कोपर ठेवला, तर बोटाच्या टोकाला दुसरं. एवढी वर्षं या खांबांना टेकून मी भाजी निवडली, पण हे कधी करून पाहिलं नव्हतं. आई गेल्यापासून तिचा हात हाताला लागला नव्हता, तो त्या दिवशी लागला. मला रडूही आलं आणि हसूही.

"काय झालं मावशी? उचलू ना?" पोरगा गोंधळून विचारत होता.

"नको रे," मी म्हटलं. "माप बरोबर आहे. तू कौलं तेवढी बदल."