हुसेनभाईंच्या लाखेच्या कुंड्या

डबा खाऊन हात धुतले की हुसेनभाई कॅन्टीनमागच्या अळवाच्या वाफ्यात जायचे आणि पुरून ठेवलेल्या वस्तू उकरून बघायचे. सुती चिंधी, शर्टाचं बटण, पावाच्या प्लास्टिक वेष्टनाचा तुकडा, आमच्याच कारखान्यातला बेकेलाइटचा स्विच. प्रत्येकीशेजारी खुणेची एक काडी. मी चिंचवडच्या त्या कंपनीत नुकताच चिकटलो होतो, ताजा ताजा बी.एस्सी., त्यामुळे शहाणपण नुसतं ओसंडून वाहत होतं. मी विचारलं, "काय भाई, धन लागलं का हाताला?"

"बघतोय साहेब, माती कुणाला घरात घेते आणि कुणाला दारात उभं करते," ते म्हणाले. "चिंधीला घेतलं. हे प्लास्टिक दोन वर्षं झाली, तसंच उपऱ्यासारखं बसलंय."

पन्नाशी उलटलेला हा माणूस देहूरोडहून सायकलवर यायचा आणि साच्यात दाबून स्विच काढायच्या प्रेसवर उभा राहायचा. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा, तरी मला साहेब म्हणायचे, कारण मी प्रयोगशाळेत बसायचो. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो. तरुणपणी ते ग्रामोफोनच्या तबकड्या छापायच्या कारखान्यात होते. त्या लाखेच्या असत. लाखेबद्दल बोलायला लागले की चहा थंड व्हायचा. "किड्यानं बनवलेला माल आहे साहेब, मातीच्या ओळखीचा." फोरमन काही म्हणो, मॅनेजर काही म्हणोत, यांचं उत्तर एकच, "ते ठीक आहे, पण एकदा मातीला विचारा."

एकदा पुनावळ्याचा त्यांचा एक शेतकरी दोस्त वाळलेलं आंब्याचं रोप घेऊन गेटवर आला. रोपाच्या मुळ्या काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गोल गोल फिरून गच्च आवळल्या होत्या. "आमी पिशवीसकट लावलं, भाई. ती काढायची असती हे कुनी सांगितलंच न्हाई," तो बिचारा म्हणाला. त्याचं अख्खं वावर असंच वाळलं होतं. हुसेनभाईंनी ते रोप दोन दिवस प्रेसशेजारी ठेवलं. येता-जाता बघायचे आणि म्हणायचे, "गळा आवळला हो लेकराचा."

मग त्यांनी पिशवीऐवजी लाखेची कुंडी करायचं मनावर घेतलं. लाख, मक्याचं पीठ आणि लाकडाचा भुसा. शिफ्ट संपली की परवानगी काढून प्रेसवर बसायचे. पहिल्या कुंड्या साच्याला चिकटल्या, पुढच्या तडकल्या, शेडभर करपलेल्या भाकरीचा वास. आम्ही हसायचो. वर्षभरानं मात्र अशी कुंडी निघाली की वर ठेवून पाणी घाला, टिकते; जमिनीत लावा, चार महिन्यांत विरते. अळवाच्या वाफ्यात विरलेली मी स्वतः पाहिली. मॅनेजर म्हणाले, "कंपनीची चाचणी होऊ दे. पास झाली तर एक प्रेस तुमच्या कुंड्यांना." रिटायर व्हायच्या आत त्यांना तेवढंच हवं होतं.

चाचणी माझ्याकडे आली. हुसेनभाईंनी बारा कुंड्या माझ्या टेबलावर मांडल्या आणि बजावलं, "साहेब, जिवंत मातीत पुरा. शेणखत घाला, ओल ठेवा." मी मान डोलावली. पावसाचे दिवस होते, वाफ्यात चिखल झाला होता, आणि मी नवे बूट घेतले होते. आमच्या खिडकीखाली फरशीला लागूनच मोकळी जागा होती. तिथं पितळी भागांना मुलामा देणाऱ्या खात्याचं आम्लाचं पाणी मुरायचं. मी कुंड्या तिथं पुरल्या. खत घातलं नाही. चार महिन्यांनी उकरल्या तर बाराच्या बारा जशाच्या तशा. मातीला हिरवट झाक होती, एक गांडूळ नव्हतं, गवताचं मूळ नव्हतं. मला तिथंच कळलं, मेलेल्या जमिनीत काय कुजणार, कपाळ? पण मॅनेजरना सांगायचं म्हणजे स्वतःचा गाढवपणा कबूल करायचा. मी लिहिलं, "माल कुजत नाही." जागा लिहिली नाही.

मला वाटलं होतं, हुसेनभाई भांडतील. भांडले असते तर कदाचित माझ्या तोंडून खरं निघालंही असतं. त्यांनी बारा कुंड्या एकेक करून हातात फिरवल्या. "मग वाफ्यात विरली ती चुकून विरली असेल," म्हणाले. "माती नाही म्हणाली, विषय संपला." साचा पुसून त्यांनी भंगारात दिला. डबा खाऊन वाफ्याकडे जाणंही त्या दिवसापासून बंद. ते रिटायर होईपर्यंत मी रोज त्यांना बघत होतो, आणि रोज उद्या सांगू म्हणत होतो.

सांगितलं ते चाचणीनंतर सात वर्षांनी, मी ती कंपनी सोडली तेव्हा. देहूरोडला त्यांच्या घरी गेलो. भाभींनी चहा ठेवला. मी खाली बघत सगळं सांगितलं, बुटांसकट.

हुसेनभाईंनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सात वर्षं मी समजत होतो की मला लाख कळत नाही. घरात, मोहल्ल्यात कुणी काही विचारलं तर सांगायची हिंमत होत नव्हती साहेब. म्हणायचो, आपलं काय खरं."

"माफ करा भाई," मी म्हणालो.

"केलं. पण आता उठा, आणि परत येऊ नका."

मी गेलो नाही. त्यांच्या मातीला सुद्धा गेलो नाही, बातमी वेळेवर कळली होती तरी. लोकांना सांगतो, त्यांनीच येऊ नका म्हटलं होतं. खरं सांगू? त्यांनी ते म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. चहा तसाच सोडून मी चपला घातल्या आणि जवळजवळ पळतच स्टँड गाठला.